गावपळणीच्या ट्रेलरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. वाईट वाटून घेऊ नका. माझा कोणावरच नाही. कोणी जवळ येऊन मायेने पाठीवरून हात फिरवला की माझ्या मनात पहिला विचार येतो, याला माझा कुठला नट हवा आहे? दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर तोंड, पाठ, चाकं, सगळंच भाजलेलं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, लढाईच्या धामधुमीत. दोन चाकांवर ठेवलेलं एक लोखंडी टोपलं, पुढे जीपला अडकवायला कडं, एवढाच माझा देह. ब्रह्मदेशाच्या वाटेवर मी तांदूळ वाहिला, बिस्किटांचे डबे वाहिले, बटाटे तर किती वाहिले त्याला गणती नाही. लढाई संपली आणि माझ्याकडे कोणी बघेना. पुढे बेळगावात जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला. तिथे एक उंच, हडकुळा माणूस माझ्याभोवती फिरला, वाकून माझा आस बघितला, स्प्रिंगच्या पाट्यांवर टिचकी मारली आणि हसला. हसणाऱ्या गिऱ्हाइकाची मला फार भीती वाटते. मला वाटलं, हा मला तोडून भंगारात घालणार.

त्याचं नाव जयराम. तो लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता आणि नोकरी संपवून घरी निघाला होता. घर मालवणच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका गावात. एका मालवाहू लॉरीच्या मागे मला बांधून त्याने आंबोलीच्या घाटातून खाली आणलं. वाटेत नाक्यावर शिपायाने अडवलं. दारूबंदीचे दिवस, आणि गोवा हाकेच्या अंतरावर.

"आत काय आहे?"

"काही नाही साहेब. रिकामं आहे."

"रिकामं आहे तर झाकलंय कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"रिकाम्यात धूळ गेली तर काय बिघडतं?"

शिपायाने माझ्या पोटाखाली शिरून सगळीकडे ठोकून बघितलं, कुठे दुहेरी तळ आहे का म्हणून. काही सापडलं नाही तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला. मला तो माणूस आवडला. आपल्या जातकुळीचा वाटला.

आता जयरामला मी कशासाठी हवा होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या गावात गावपळण असते. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि अख्खा गाव घरंदारं सोडून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. आजारी असो, बाळंतीण असो, मागे कोणी राहायचं नाही. शिवेपलीकडे माळावर झावळांच्या खोपी बांधायच्या, तीन रात्री काढायच्या, मग पुन्हा कौल घ्यायचा. देवाने होकार दिला तर घरी परतायचं, नाही तर मुक्काम वाढवायचा. मुलांना ती जत्राच वाटते. पण गावपळण येते मार्गशीर्षाच्या सुमारास, थंडीदंवात. मागच्या गावपळणीत जयरामचे वडील, ज्यांना सगळे बाबा म्हणत, खोपीतल्या ओल्या जमिनीवर निजले, छाती भरली आणि घरी आल्यावर आठ दिवसांत गेले. जयराम तेव्हा नोकरीवर होता. आता त्याच्या आईलाही, माईला, दमा होता. पुढची गावपळण जवळ आली होती. गाव सोडायचा नाही असं तर म्हणता येत नव्हतं. पण माई जमिनीवर निजणार नाही, एवढं जयरामने मनाशी धरलं होतं. त्यासाठी मी.

माईने मला पहिल्यांदा बघितलं ते अंगणाच्या कडेला उभं राहून, पदर नाकाला लावून.

"ह्यां खंयसून हाडलंस?"

"बेळगावसून, माई. लष्कराचां आसा. तुका निजाक करतंय."

"लष्कराचां? म्हणजे ह्येच्यातसून मढी व्हायली आसतली. मी ह्येच्यात चढूचंय नाय."

मित्रांनो, मी जन्मात मढं वाहिलेलं नाही. पण बटाट्यांच्या वतीने साक्ष द्यायला कोण येणार?

जयरामने कामाला सुरुवात केली. आधी त्याने माझे पाटे आसाच्या खाली होते ते वर बसवले, म्हणजे माझं पोट वीतभर उंच झालं आणि माळावरचे धोंडे लागेनासे झाले. जीप तर त्याच्याकडे नव्हती. म्हणून पुढच्या कड्याला आईनाच्या लाकडाची लांब दांडी बोल्टाने आवळली आणि तिला जू लावलं. ज्याने लष्कराच्या जीपमागे धाव घेतली त्याला आता बैल ओढणार. माझ्या टोपल्यावर फणसाच्या फळ्यांचा पलंग झाला, खाली तांदूळ, भांडी, कंदील ठेवायला जागा राहिली. मागची बाजू बिजागरीवर खाली पडायची आणि साखळीला टांगून राहायची, तोच स्वयंपाकाचा ओटा. वर वेताच्या कमानी आणि त्यावर तंबूचं जाड कापड. बाजूला चढायला पायरी आणि एक लहानसं दार. पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं यावरून त्याने बरेच दिवस घालवले. वजन मागे गेलं तर दांडी उचलते आणि बैलांचा गळा आवळतो, पुढे गेलं तर मानेवर भार येतो. पिंप इंच इंच सरकवून तो दांडी हाताने उचलून बघायचा. अखेर एका हाताने ती तरंगली तेव्हा त्याने बायकोला, लीलाला, बाहेर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "बरां झालां. आता जेवा."

फळ्यांच्या फटी बुजवायला देवबागहून लवू मेस्त्री आला. तो होड्या करणारा. कापूस आणि राळ कुटून भरायची त्याची हातोडी बघून माझा जीव वरखाली होत होता.

"ह्येका पाण्यात सोडूचां आसा काय?" त्याने विचारलं.

"नाय रे. दंवात ठेवूचां आसा."

"मगे होडयेपरास घट्ट करूक व्हया. पाणी येता तां दिसता. दंव येता तां कळना नाय."

त्याने मन लावून काम केलं, वर काजूच्या सालीचं काळं तेल दिलं. मी आठवडाभर वाट बघत होतो की हा काहीतरी लपवून नेणार. गेला तेव्हा स्वतःची एक छिन्नी विसरून गेला.

खरा संशय आला तो भिकाजीचा. भिकाजी गावकार, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा मानकरी. ठेंगणा, जाड भिवयांचा माणूस. रोज संध्याकाळी तो अंगणात यायचा, माझ्याभोवती एक फेरी घालायचा, दार उघडून बघायचा, बंद करायचा. हा काय शोधतोय ते मला कळेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. एकदा त्याने जयरामला विचारलंच.

"जयराम, ह्यां घर काय रे?"

"नाय काका. पलंग आसा."

"पलंगाक दार खंय आसता?"

"दंव येव नये म्हणान."

भिकाजीने मान हलवली आणि गेला. आणि नेमकं त्याच आठवड्यात लीलाने ती चूक केली. चूक तरी कशी म्हणू? आपल्याकडे नवी वस्तू आली की आपण जे करतो तेच तिने केलं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, हळदकुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला, शेजारणींना खोबरं वाटलं. माझ्या आयुष्यात माझी पूजा कोणी केली नव्हती. मी तर फुगून गेलो. पण त्या संध्याकाळी भिकाजी आला, तोरणाकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि फेरी न घालताच परत गेला. तेव्हा मला बरं वाटलं नाही.

गावपळणीचा दिवस आला. देवळातला नगारा वाजला आणि गाव निघाला. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, दाव्याला बकऱ्या. मी बैलांमागून शिवेबाहेर पडलो, धोंड्यांवरून गेलो, ओहोळातून गेलो, एकदाही पोट घासलं नाही. माई मात्र माझ्या बाजूने काठी टेकत चालत होती. जयरामने तीनदा थांबून विनवलं, ती चढली नाही.

माळावर खोपी उभ्या राहिल्या. जयराम इतर पुरुषांबरोबर बैलांच्या राखणीला खाली ओहोळाकाठी निजायला जाणार होता. जाण्याआधी माईने त्याला सांगितलं, "तू जा निर्धास्त. मी निजतंय तुझ्या पेटयेत." त्याचा चेहरा असा फुलला की मलाच कसंतरी झालं. कारण तो गेल्यावर माईने काय केलं ते मी बघितलं.

तिने तुळसाला बोलावलं. तुळसा म्हणजे भिकाजीची सून. नवरा दत्ताराम मुंबईला गिरणीत, आणि हिचं बाळंतपण नुकतंच झालेलं, बारसं होऊन चारच दिवस. भिकाजी मानकरी, त्याला देवाचं सोवळं सांभाळायचं, म्हणून सव्वा महिना होईपर्यंत तो बाळंतिणीकडे फिरकत नव्हता. सून बायकांच्या खोपीत कुठेतरी निजली असेल, एवढंच त्याला ठाऊक.

"चढ गो आत," माई म्हणाली. "पोराक दंव लागता."

"आणि तुमी?"

"माका ह्या पेटयेचा भय वाटता. मढ्याची आसा."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ज्या पेटीत मढी वाहिली असं खरंच वाटतं, त्या पेटीत कोणी तान्हं मूल निजवेल का? म्हातारी खोटं बोलत होती, आणि पहिल्या दिवसापासून बोलत होती. लीलाच्या खोपीत चटई टाकता टाकता ती सुनेला हळूच म्हणाली ते मी ऐकलं. "सगळो गाव जमनीर निजतलो आणि मी एकटीच उंचार? लोक माका काय म्हणाचे नाय. जयरामाक म्हणतले. त्येका ह्या गावात रवाचां आसा." लीलाने आपली गोधडी सासूच्या चटईखाली घातली.

तीन रात्री बाळ माझ्या पोटात गाढ निजलं. आणि तीन रात्री मी पलीकडच्या खोपीतून माईची छाती शिटीसारखी वाजताना ऐकली. मित्रांनो, मला त्या म्हातारीचा राग आला. मला जिच्यासाठी केलं होतं ती जमिनीवर कुडकुडत होती, आणि मला ओरडून सांगताही येत नव्हतं.

चौथ्या सकाळी भिकाजी आणि चार मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. भिकाजीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावीच.

तो माळावर परत आला तो सरळ माझ्याकडे. मागून दहा-बारा माणसं. येता येता त्याने कोणाच्या तरी चुलीतलं जळतं लाकूड उचललं होतं.

"देवान घर सोडून येवक सांगलेलां," तो म्हणाला. "ह्येना घर सोडलां नाय, घराक जू लावन घेवन इलो. दार केलां, तोरण बांधलां, नारळ फोडलो. मगे देव कौल कसो दितलो?"

जयराम ओहोळाकडून धावत आला. हातात पाना होता. तो माझ्या पायरीपुढे उभा राहिला.

"काका, ह्यां घर न्हय. माझ्या आवशीचो बिछानो हा. बाबा कसो गेलो तां तुमी बघितलास. आता हिकाय जमनीर घालू?"

"सगळ्यांची आवस जमनीर निजता, जयराम. तुझीच कित्याक वर? बाजूक हो."

"होवचंय नाय."

माणसं पुढे सरकली. लाकडाची धग माझ्या कापडाला लागत होती. मी लढाईत होतो, पण इतका घाबरलो नव्हतो, कारण माझ्या आत कोण आहे ते त्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात माई खोपीतून बाहेर आली. दोन पावलं टाकायची, थांबायची, श्वास घ्यायची. जयरामने तिला तिकडून येताना बघितलं आणि त्याचा हात खाली आला.

"माई, तू आत नाय?"

माई माझ्या बाजूला आली आणि तिने पडदा वर केला. "भावजी, जाळा तुमी," ती भिकाजीला म्हणाली. "पण आधी तुमचो नातू खाली उतरवा."

आत तुळसा बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात बसली होती. बाळ मात्र मजेत जांभई देत होतं.

भिकाजीची नजर बाळावरून हलेना. सोवळ्यामुळे त्याने नातवाचं तोंड अजून बघितलेलंच नव्हतं. मग त्याने लाकूड जमिनीवर टाकलं आणि पायाने माती ओढून विझवलं.

जयराम मात्र भिकाजीकडे बघतही नव्हता. "माई, तीन राती तू खंय निजलंस?"

"जमनीर."

"बाबा गेलो तसां जावचां होतां काय तुका? सहा म्हयने मी कोणासाठी खपलंय?" त्याचा आवाज फाटला आणि तो मुलासारखा रडायला लागला, सगळ्या गावासमोर.

माई त्याच्या पाठीवरून हात फिरवत, बाळाकडे बोट करून म्हणाली, "रडा नको. माझे दिवस झाले रे. ह्येचे आता लागतत. तुझां काम फुकट नाय गेलां."

त्या रात्रीही माईने जयरामचं ऐकलं नाही; बाळ माझ्यात आणि ती जमिनीवर. दुसऱ्या सकाळी भिकाजीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. देऊळ शिवेपासून हाकेवर, आणि यावेळी तो देवळात पोचेपर्यंत अख्खा गाव शिवेवर जमला होता. "बा देवा, गावच्या धन्या, तुझी लेकरां तुझ्या शब्दान भायर इली. कोणी उंचार निजलो आसात, कोणी जमनीर निजलो आसात, चूकभूल पोटात घाल रे म्हाराजा." आणि शिवेवरून सगळ्यांनी साथ दिली, "व्हय म्हाराजा." पाकळी उजवी पडली. भिकाजी सांगतो की गाऱ्हाणं संपायच्या आधीच पडली. मी तिथे नव्हतो, त्यामुळे यावर काही बोलत नाही.

परतायची गडबड झाली तेव्हा माईला उठवेना. छाती भरली होती, ओठ निळसर दिसत होते. जयराम तिला उचलायला गेला तर ती काठी शोधायला लागली. तेव्हा भिकाजी पुढे आला आणि माईला तिच्या नावाने हाक मारून म्हणाला,

"आनंदीवयनी, आता गाव सांगता तुमका. चढा."

गावाने सांगितलं म्हटल्यावर ती चढली. जयरामने तिला फणसाच्या फळ्यांवर निजवलं, तुळसाची गोधडी तिच्या अंगावर आली, कापड खाली सोडलं. भिकाजी दांडीला हात देऊन बैलांबरोबर चालला, धोंडा आला की "सावकाश" म्हणत. निम्म्या वाटेवर माईचा श्वास जरा मोकळा झाला. तिने फळ्यांवरून हात फिरवला, फटी चाचपल्या, मग जयरामला हाक मारली.

"इतक्यां ऊबदार केलंस? मेल्या, आधी सांगाक काय झालां होतां?"

"सहा म्हयने काय सांगत होतंय मी?"

"असां धड खंय सांगलंस," असं म्हणून ती झोपली.

माई वाचली. पुढच्या गावपळणीला तर नगारा वाजायच्या आधीच ती माझ्यात येऊन बसली होती, आणि बैल अजून का जुंपले नाहीत म्हणून सगळ्यांना बोलत होती. शेजारी दोन म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण अशी भरती झाली होती. गावात माझं कौतुक झालं, बाजूच्या गावचे लोक मला बघायला आले. त्यानंतरची गावपळण आली तोवर माई गेली होती. घरात, स्वतःच्या खाटेवर, वयाने.

आता मी काजूच्या झाडाखाली उभा आहे. जयरामने कुडाळला वर्कशॉप काढलंय, तो महिन्यातून एकदा येतो. तंबूचं कापड उंदरांनी खाल्लं, दोन फळ्या गोठ्याला गेल्या, माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात. टायर बसलेत. पाटे मात्र शाबूत आहेत, आणि लवू मेस्त्रीने भरलेल्या फटीतून अजून दंव शिरत नाही. यंदा पुन्हा गावपळण आहे.

परवा दुपारी भिकाजी आला. हातात काठी, कमरेत वाकलेला, आणि छाती वाजत होती, मला तो आवाज चांगला ओळखीचा आहे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने कोंबडीला हुसकलं आणि उरलेल्या फळीवर तळवा दाबून बघितला. माझी साखळी न्यायला आला असेल, असं मला आधी वाटलं. पण तो काही न नेता, थोडा वेळ टेकून, आला तसा गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला. मित्रांनो, तो मागणार नाही. ज्याने एकदा जळतं लाकूड आणलं तो माणूस कोणत्या तोंडाने मागणार? आणि गावकाराची सोय गाव करतच असेल, असं जयराम धरून चाललाय.

तुमच्या घरीही असं कोणीतरी माणूस असेल, हाताने दाबून बघणारं आणि निघून जाणारं. त्याच्या मागण्याची वाट बघत बसू नका. मला साफ करून दोन फळ्या ठोकायला एक दिवस पुरेल. भिकाजीला विचारायला तेवढाही लागणार नाही.